पिवळ्या चौकटीचे अंक रद्दीत घालण्यापूर्वी : आमच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,

स. न. वि. वि.

मंडळाच्या गेल्या बैठकीतला ठराव सूचना फलकावर वाचला. ‘नॅशनल जिओग्राफिक’ या मासिकाचे वाचनालयातले सगळे जुने अंक आणि त्या मासिकाविषयी लिहिलेली पुस्तके निर्लेखित करायची, म्हणजे वाचनालयाच्या नोंदीतून कायमची काढून टाकायची, अंक रद्दीत द्यायचे, त्यांतली ‘निवडक आकर्षक मुखपृष्ठे’ कापून, फ्रेम करून प्रवेशदालनात लावायची आणि मोकळ्या झालेल्या खोलीत अभ्यासिका वाढवायची, असे त्यात म्हटले आहे.

ठराव वाचल्यावर मी रीतसर अर्ज दिला, कार्यवाहांना भेटले. वागणूक सौजन्याची होती, चहाही मिळाला. उत्तर मात्र एकच मिळाले : ठराव झालेला आहे. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. वाचनालय शासनाच्या अनुदानावर आणि सभासदांच्या वर्गणीवर चालते. तिथून काय बाहेर जाते आहे हे गावालाही कळायला हवे.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे मूळ मुद्दा बाजूला पडणार नाही. माझा अभ्यासिकेला विरोध नाही. घरात टेबल ठेवायलाही जागा नसलेली मुले तिथे रात्री उशिरापर्यंत बसतात. माझे कितीतरी विद्यार्थी त्याच बाकांवरून तलाठी, फौजदार झाले. त्यांना जागा हवीच. पण ती कुठून काढायची, हा प्रश्न वेगळा आहे. तो या ठरावात कोणी विचारलेलाच दिसत नाही.

माझा या अंकांशी संबंध काय, असे कोणी विचारील. मी इथल्या माध्यमिक शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला. पाठ्यपुस्तकात टुंड्रा प्रदेश म्हणजे काळ्या शाईतले एक पुसट रेखाचित्र, आणि मोसमी वारे म्हणजे बाणांचा नकाशा. खिडकीबाहेर पाऊस कोसळत असताना मुलांना मोसमी वारे बाणांनी शिकवायचे, हा विनोद मी किती वर्षे केला असता कोण जाणे. गावातले एक डॉक्टर या मासिकाचे वर्गणीदार होते. ते गेल्यावर कुटुंबीयांनी सगळा संग्रह वाचनालयाला दिला, आणि तो एकत्र ठेवावा असे सोबतच्या पत्रात लिहिले. तेव्हापासून मी ग्रंथपालांच्या परवानगीने अंक वर्गात नेत असे. १९८४ च्या डिसेंबर अंकातला मोसमी पावसावरचा लेख मी दर जूनमध्ये काढायचे. अंकातून निघणारे मोठे घडीचे नकाशे फळ्यावर लावायचे. आज पन्नाशीला आलेली माणसे रस्त्यात भेटली की धड्यांविषयी बोलत नाहीत, त्या नकाशांविषयी बोलतात.

पण डॉक्टरांनी याहून दुर्मीळ एक काम केले होते, आणि ते मंडळातल्या कोणाच्या लक्षात आलेले दिसत नाही. मासिकावर प्रेम करता करता त्यांनी त्या मासिकाविषयीची पुस्तकेही जमवली, गौरव करणारी आणि वाभाडे काढणारीही. निर्लेखनाच्या यादीत ही पुस्तके ‘इतर’ या शीर्षकाखाली आहेत. माझी पहिली तक्रार त्या ‘इतर’बद्दल आहे.

मासिक काढणाऱ्या नॅशनल जिओग्राफिक सोसायटी या संस्थेच्या शतकपूर्तीच्या सुमारास, १९८७ मध्ये निघालेला सी. डी. बी. ब्रायन यांचा जाडजूड सचित्र ग्रंथ त्यात आहे. त्याचा सूर उत्सवाचा. त्याच वर्षी हॉवर्ड एब्रम्सन या पत्रकाराने लिहिलेला इतिहास त्याच्या शेजारी आहे, तो उत्सवावर विरजण घालणारा. रॉबर्ट पूल हे मासिकाच्या संपादकवर्गातलेच. त्यांच्या २००४ च्या ‘एक्सप्लोरर्स हाउस’मध्ये हबर्ड, बेल आणि ग्रोव्हनर या एकमेकांच्या सोयऱ्यांनी संस्था कशी चालवली त्याची आतली हकिकत आहे. कॅथरिन लुट्झ आणि जेन कॉलिन्स यांचे ‘रीडिंग नॅशनल जिओग्राफिक’ १९९३ चे. तामार रोथेनबर्ग यांचे २००७ चे पुस्तक पहिल्या सहा दशकांवर आहे, लिंडा स्टीट यांचे २००० चे मासिकाने रंगवलेल्या अरब जगावर. स्टेफनी हॉकिन्स यांचे २०१० चे पुस्तक वाचकांनी संपादकांना पाठवलेल्या पत्रांचा आधार घेते. एका मासिकावरची एवढी पुस्तके एका जागी मोठ्या शहरांतल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांतही सहज मिळतील असे मला वाटत नाही. आपल्या गावात ती आहेत, आणि आपण त्यांना ‘इतर’ म्हणतो.

आता यादीतला शेरा पाहू : ‘गेल्या पाच वर्षांत देवघेव नाही.’ अहो, देवघेव होणार कशी? हे अंक आणि ही पुस्तके संदर्भ विभागात आहेत, घरी देताच येत नाहीत. कपाटाला कुलूप, आणि किल्ली कोणाकडे हे विचारत फिरावे लागते. जे घरी देत नाही आणि जागेवर बसून वाचायला उघडत नाही, त्याची देवघेव शून्यच असणार. ‘पुस्तके उपयोगासाठी आहेत’ हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा पहिला नियम आपल्याच दालनात रंगवलेला आहे. तो कुलपाखालच्या पुस्तकांवर उलटा चालवू नका.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे आणि त्यावर मी जरा थांबणार आहे. बैठकीत एका सदस्यांनी म्हटले म्हणे, की हे मासिक वंशवादी होते हे त्यांच्याच संपादकांनी कबूल केले आहे, मग आपण ते कशाला सांभाळायचे? माहिती खरी आहे. एप्रिल २०१८ च्या अंकात तेव्हाच्या संपादक सुसान गोल्डबर्ग यांनी, मासिकाचे वार्तांकन कित्येक दशके वंशवादी होते, असे स्वच्छ लिहिले. त्याआधी व्हर्जिनिया विद्यापीठातले इतिहासकार जॉन एडविन मेसन यांना त्यांनी जुने अंक तपासायला सांगितले होते. मेसन यांना काय सापडले? १९७० च्या दशकापर्यंत अमेरिकेतली गोरी नसलेली माणसे या मासिकात जवळजवळ नव्हतीच. असली तर मजूर किंवा घरगडी म्हणून. इतर देशांतले मूळ रहिवासी मात्र भरपूर, बहुधा उघडेवाघडे, आनंदी आणि भोळे. १९१६ च्या ऑस्ट्रेलियावरच्या अंकात तिथल्या आदिवासींच्या छायाचित्राखाली, बुद्धीने ही माणसे साऱ्या मानवजातीत सर्वांत खालच्या पायरीवर आहेत, अशा अर्थाची ओळ छापलेली होती. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिलला पोलिसांनी निदर्शकांवर गोळीबार करून ६९ जणांना मारले. दोनच वर्षांनी त्या देशावर आलेल्या लेखात अशांततेचा जेमतेम उल्लेख होता. कृष्णवर्णीय होते ते नाचणारे किंवा नोकर.

हे सगळे मान्य. पण मग सदस्यमहाशयांना माझा प्रश्न आहे : मेसन यांनी हे शोधले कशातून? जुन्या अंकांतूनच ना? ते अंक कोणी तरी जपून ठेवले होते म्हणून चूक दाखवता आली. पुरावा रद्दीत घालून मासिकाला शिक्षा होत नाही, उलट त्याची सुटका होते.

आणि गोल्डबर्ग यांनी हे उघडपणे लिहिले त्याच्या पंचवीस वर्षे आधी लुट्झ आणि कॉलिन्स हे सांगून मोकळ्या झाल्या होत्या. त्यांचे पुस्तक सोपे नाही, पण त्यांनी केले काय ते अगदी सरळ आहे. १९५० ते १९८६ या काळातली, पाश्चात्त्य जगाबाहेरच्या माणसांची सुमारे सहाशे छायाचित्रे त्यांनी निवडली आणि प्रत्येकाला तेच तेच प्रश्न विचारले. माणूस हसतो आहे का? काम करतो आहे की विधी? कॅमेऱ्याकडे बघतो आहे का? गरिबी दिसते का, लढाई दिसते का? उत्तरे जुळवल्यावर एक जग उभे राहिले : हसतमुख, रंगीत, कष्टाळू, विधींमध्ये रमलेले, आणि इतिहास नसलेले. एका छायाचित्रात किती नजरा एकमेकींना छेदतात यावर त्यांनी वेगळे प्रकरण लिहिले. छायाचित्रकाराची नजर, मासिकाची, वाचकाची, चित्रातल्या माणसाची, आणि आणखी काही. उघड्या छातीच्या स्त्रिया या मासिकात पहिल्यापासून छापल्या गेल्या, १८९६ च्या झुलू वधूपासून, पण त्या गोऱ्या कधी नव्हत्या, हेही त्यांनी न लाजता लिहिले. वर्गात अंक फिरवताना मागच्या बाकावर कोणत्या पानाला खसखस पिकते ते मला ठाऊक होते. काही पाने ब्लेडने कापलेली आहेत, तीही मी पाहिली आहेत. मुले खट्याळ असतात असे म्हणून मी ते सोडून देत असे. हसण्याची ती सोय संपादकांनीच करून ठेवलेली होती, हे मला या पुस्तकाने दाखवले.

रोथेनबर्ग यांच्या पुस्तकात याच्या मुळाशी जाता येते. गिल्बर्ट ग्रोव्हनर हे १८९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी मासिकात आले आणि १९५४ पर्यंत संपादक राहिले. १९१५ मध्ये त्यांनी मासिकाची सात तत्त्वे लिहून काढली. त्यातले एक असे, की कोणत्याही देशाविषयी किंवा लोकांविषयी जे छापायचे ते सद्भावनेचेच असावे. वाचायला किती गोड! या गोडव्याचा परिणाम १९३७ च्या फेब्रुवारी अंकात बघा. त्यात बर्लिनवर डग्लस चँडलर यांचा सचित्र लेख आहे, आणि हिटलरची राजवट त्यात नुसती प्रसन्न आहे. हेच चँडलर पुढे जर्मनीत बसून नाझींसाठी आकाशवाणीवर बोलू लागले आणि युद्धानंतर अमेरिकेत देशद्रोहाबद्दल दोषी ठरले. कोणाविषयी वाईट बोलायचे नाही हे धोरण कुठवर नेऊ शकते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही. नागरिकशास्त्राच्या वर्गात हा लेख एकदा ठेवायला हवा.

माझे म्हणणे एवढेच आहे. नुसते अंक ठेवलेत तर मुले चित्रांच्या मोहात पडतील. नुसती पुस्तके ठेवलीत तर कोणीतरी कशावर तरी टीका करते आहे एवढेच कळेल. दोन्ही एका कपाटात असली तरच चित्र बघावे कसे हे शिकता येते. डॉक्टरांनी ते केले होते. आपण दोन्ही एकाच ठरावात काढून टाकली.

तिसरी तक्रार मुखपृष्ठांची. हे कलम वाचून मला, खरे सांगते, राग आला. फ्रेम करायच्या यादीत पहिले नाव १९८५ च्या जून अंकाचे आहे, ‘हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी’. ते छायाचित्र स्टीव्ह मॅकरी यांनी १९८४ मध्ये पेशावरजवळच्या नासिर बाग निर्वासित छावणीत काढले. जगभर गेले, भिंतींवर लागले, पण त्या मुलीचे नाव सतरा वर्षे कोणालाच माहीत नव्हते. २००२ मध्ये ती सापडली. तिचे नाव शरबत गुला. आपला चेहरा इतका प्रसिद्ध आहे हे तिला ठाऊक नव्हते, आणि परक्या माणसाने फोटो काढला तेव्हा राग आला होता, एवढे तिच्या लक्षात होते. २०१६ मध्ये बनावट ओळखपत्रावरून पाकिस्तानात तिला अटक झाली, मग अफगाणिस्तानात परत पाठवले गेले, आणि २०२१ मध्ये तालिबान आल्यावर इटलीने तिला आश्रय दिला. १९८५ चा अंक, तिचे नाव सांगणारा एप्रिल २००२ चा अंक, आणि लुट्झ-कॉलिन्स यांचे नजरांवरचे ते प्रकरण, ही तिन्ही आज आपल्याकडे आहेत. मंडळ त्यातला फक्त चेहरा कापून भिंतीवर लावणार आणि नाव रद्दीत देणार. दालनाची शोभा वाढेल, पण वाचनालयाने हे करायचे?

यादीत पिरॅमिडचेही मुखपृष्ठ आहे, फेब्रुवारी १९८२ चे. ‘सुंदर’ असा शेरा आहे त्यापुढे. सुंदर आहेच. फक्त ते पिरॅमिड तिथे तसे नाहीत. आडवे छायाचित्र उभ्या मुखपृष्ठावर बसावे म्हणून गिझाचे दोन पिरॅमिड संगणकाने एकमेकांजवळ सरकवले गेले, आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. मोबाइलमध्ये चेहरे बदलणाऱ्या पिढीला शिकवायला याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. पण ते शिकवायचे तर मुखपृष्ठाबरोबर त्याची गोष्टही हवी, आणि ती गोष्ट आपण ‘इतर’मध्ये टाकली.

उलट १९५९ पूर्वीच्या सुट्या अंकांना यादीत सरसकट ‘अनाकर्षक’ म्हटले आहे. कारण तोवर मुखपृष्ठावर सहसा छायाचित्र नसेच. ओक आणि लॉरेलच्या पानांची नक्षी आणि आत काय आहे त्याची यादी, एवढेच. मासिकात छायाचित्रे शिरली त्याची कथाही या पुस्तकांत वाचावी. १९०५ च्या जानेवारी अंकात पाने भरायला मजकूर नव्हता. ग्रोव्हनर यांच्याकडे रशियन प्रवाशांनी काढलेली तिबेटमधल्या ल्हासाची छायाचित्रे आलेली होती. त्यांनी अकरा पाने नुसती चित्रांनी भरली आणि आता नोकरी जाणार असे धरून चालले. लोकांनी रस्त्यात थांबवून अभिनंदन केले. पुढच्याच वर्षी जॉर्ज शायरस यांनी रात्री झोताच्या उजेडात टिपलेल्या वन्यप्राण्यांची चौऱ्याहत्तर छायाचित्रे आली, तेव्हा नियामक मंडळातल्या दोघांनी राजीनामे दिले : शास्त्रीय मासिकाचे चित्रांचे पुस्तक करून टाकले म्हणून. मंडळे तेव्हाही होती!

चौथे म्हणजे ते नेहमीचे वाक्य, ‘सगळे इंटरनेटवर आहे’. सगळे नाही, आणि आहे ते फुकट नाही. जुन्या अंकांचा संग्रह वर्गणी भरून बघावा लागतो. १९९७ मध्ये सगळे अंक सीडींवर आले. त्यावर छायाचित्रकारांनी हक्कांसाठी खटले भरले, ते वर्षानुवर्षे चालले. त्या सीडी आजच्या संगणकात चालवून दाखवा म्हणावे. शिवाय मालक बदलतात. या मासिकाचा बहुतांश ताबा २०१५ मध्ये फॉक्स कंपनीकडे गेला, २०१९ मध्ये डिस्नेकडे. २०२३ मध्ये पगारी लेखकांपैकी उरलेल्यांना काढले आणि अमेरिकेतल्या दुकानांतली विक्रीही थांबवायचे ठरले. पडद्यावर काय दिसेल ते उद्या तिथला कोणी अधिकारी ठरवील. आपल्या कपाटातला कागद त्याचे ऐकत नाही.

अमेरिकेत या मासिकावर एक जुना विनोद आहे, की कोणीच हे अंक टाकून देत नाही, माळ्यांवर आणि तळघरांत साठवतात, त्यामुळे एक दिवस साऱ्या खंडाचा तळ खचणार. लोक टाकत का नसत? तिथे वर्गणीदार नव्हता, ‘सभासद’ होता. पैसे भरून आपण एका संस्थेचे भाग झालो, मोहिमा आपल्या पैशांतून निघतात, असे त्याला वाटे. १८८८ मध्ये वॉशिंग्टनच्या एका क्लबात तेहतीस जणांनी सुरू केलेली संस्था त्या भावनेवर वाढली. एक कोटीहून जास्त घरांत अंक जाऊ लागला. हॉकिन्स यांच्या पुस्तकाचा मला सर्वांत आवडलेला भाग इथलाच : हे सभासद मुकाट्याने वाचत बसत नसत. संपादकांना पत्रे लिहून ते हरकती घेत, खिल्ली उडवत, चुका दाखवत. सभासदाने पत्र लिहिणे यात काही वावगे नाही, एवढेच मला त्यावरून सुचवायचे आहे.

आता महाराष्ट्राचे. ‘परदेशी मासिक, आपला काय संबंध’ असेही ऐकले. १९८१ च्या जुलै अंकात मुंबईवर मोठा लेख आहे, छायाचित्रे रघुबीर सिंग यांची. १९९५ च्या मार्चमध्ये पुन्हा मुंबई, त्याच वर्षी शहराचे अधिकृत इंग्रजी नाव बदलले. छायाचित्रे मॅकरी यांची. २००७ च्या मे अंकात धारावी, छायाचित्रे योनास बेंडिक्सन यांची. मधे २००३ च्या जून अंकात अस्पृश्यतेवर विल्यम अल्बर्ट अलार्ड यांच्या छायाचित्रांसह लेख आहे. हे चारही अंक कपाटात आहेत. एकाच शहराकडे, एकाच मासिकाने, सव्वीस वर्षांत तीनदा पाहिले. एकदा भारतीय डोळ्याने, दोनदा बाहेरच्या. ते टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि अभ्यासिकेतल्या मुलांना बोलवा. चित्राखालच्या ओळीत कोणाचे नाव आहे, कोण नुसता ‘मजूर’ किंवा ‘विक्रेता’ आहे? कॅमेऱ्याकडे कोण बघते? शहरातले कोणते लोक तिन्ही वेळा दिसतात, कोणते एकदाही नाहीत? मी माझी उत्तरे इथे देणार नाही, मुलांची बिघडतील. पण मुलाखतीला बसणाऱ्या मुलाला समाजाकडे बघण्याचा यापेक्षा चांगला सराव कोणता क्लास देतो, ते मला कळवा.

आणखी एक हकिकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. फोल्कमार वेंट्झेल हा या मासिकाचा छायाचित्रकार दुसऱ्या महायुद्धानंतर भारतात आला. अमेरिकन सैन्याची एक जुनी रुग्णवाहिका विकत घेतली, तिच्यातच बिछाना टाकला आणि स्वातंत्र्याच्या आगेमागे दोनेक वर्षे देशभर हिंडला. भारतातल्या कोरीव लेण्यांवरचा त्याचा लेख १९५३ च्या मे अंकात आहे. तोही ‘अनाकर्षक’ गठ्ठ्यात. पुढे वॉशिंग्टनच्या मुख्य कार्यालयात जुनी छायाचित्रे अडगळ ठरवून टाकून द्यायचे चालले होते, तेव्हा यानेच मध्ये पडून हजारो मूळ प्रती वाचवल्या. आज संस्था त्याच संग्रहाचा अभिमानाने उल्लेख करते. म्हणजे ज्यांच्या घरचा हा खजिना, त्यांनाही एकदा तो कचरा वाटला होता. आपल्यालाच वाटला असे नाही. फरक एवढाच, की तिथे एका कर्मचाऱ्याचे म्हणणे ऐकून घेतले गेले.

रद्दीच्या पैशांबद्दल थोडक्यात. या गुळगुळीत कागदाला वर्तमानपत्राएवढाही भाव मिळत नाही, कोणत्याही रद्दीवाल्याला विचारा. येईल त्या रकमेत अभ्यासिकेचे पंखेसुद्धा होणार नाहीत. दात कोरून पोट भरत नाही. आणि दात्याच्या कुटुंबाला आपण काय सांगणार आहोत? त्यांना अद्याप साधे पत्रही गेलेले नाही. उद्या कोणी आपला संग्रह या वाचनालयाला देताना दहा वेळा विचार करील, आणि तो त्याचा दोष नसेल.

माझ्या मागण्या अशा :

एक. निर्लेखनाच्या ठरावाची अंमलबजावणी येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपर्यंत थांबवावी आणि पूर्ण यादी, दाखल क्रमांकांसह, फलकावर लावावी.

दोन. कोणत्याही अंकाचे मुखपृष्ठ कापू नये. दालनात लावायचीच असतील तर रंगीत झेरॉक्स लावा, आणि प्रत्येकीखाली चित्र कोणाचे, कोणी काढले, हे मराठीत लिहा.

तीन. अंकांचा एक संच आणि त्यावरची सर्व पुस्तके एकत्र, एकाच कपाटात, कोरड्या भिंतीशी ठेवावी. घडीचे नकाशे फाटत चालले आहेत. ते सपाट ठेवायची सोय करावी. ज्या अंकांच्या दोन-दोन प्रती आहेत त्यांतली एक रद्दीत न देता तालुक्यातल्या शाळांना द्यावी. त्याने बरीच जागा मोकळी होईल.

चार. अभ्यासिकेसाठी मागच्या बाजूची खोली वापरावी, जिथे मोडक्या खुर्च्या आणि जुने निवडणुकीचे फलक आहेत. ती खोली अंकांच्या खोलीपेक्षा मोठी आहे. मी मोजून पाहिली.

पाच. दात्याच्या कुटुंबाला मंडळाने पत्र लिहून परिस्थिती कळवावी.

सहा. संदर्भ विभागाचे कपाट आठवड्यातून निदान दोन दुपारी उघडे ठेवावे. माणूस नाही अशी अडचण असेल तर मी येऊन बसेन, मानधन नको. अंकांची विषयवार सूची मराठीत करायचे कामही मी घेते. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी काही जण मदतीला तयार आहेत, त्यांची नावे अर्जासोबत दिली आहेत.

सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा, असे नियमानुसार लागणाऱ्या सभासदांच्या सह्यांचे निवेदन सोमवारी कार्यालयात देत आहे. पोच द्यावी ही विनंती.

आपली नम्र,
एक आजीव सभासद
(निवृत्त भूगोल शिक्षिका)